माझ्या बाजूची चड्डी

कूस बे, ऑरेगन
मंगळवार, १५ ऑक्टोबर

आदरणीय रोझिना आई यांस,

तुमचा जावई ऑरिन याचा मनापासून नमस्कार. (जावई हा शब्द येत्या पंचवीस तारखेच्या शुक्रवारपर्यंत नक्की चालेल, पुढचं पुढे.) तुमचे गुडघे कसे आहेत? टिलामूकला पाऊस लागलाच असेल. इथे तर गेल्या बुधवारपासून आभाळ छपरावर येऊन बसलंय आणि खाडीतली जहाजं नुसती ऐकू येतात, दिसत नाहीत. तुमची ती गाय, जिने आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मला लाथ मारली होती, तिची कुणी पणती सुखरूप व्याली असं तुमच्या लीओनाने आमच्या घरातल्या फळ्यावर लिहिलेलं वाचलं. बरं वाटलं. आई आणि वासरू दोघांना माझा आशीर्वाद सांगा, आणि पणतीचा स्वभाव पणजीवर गेला नसेल अशी आशा करतो.

सर्वांत आधी आभार मानायचे राहून गेलेत ते मानतो. गेल्या नाताळात तुम्ही पाठवलेल्या सहा पांढऱ्या चड्ड्या मिळाल्या. याला दहा महिने झाले, पण आभार मानायला कधी उशीर होत नाही असं मी धरून चालतो. एकतीस वर्षं तुम्ही दर नाताळाला सहा चड्ड्या पाठवता, आणि प्रत्येकीचं लेबल स्वतः बसून कापून पाठवता, कारण आमच्या सासऱ्यांना, डूररबाबांना, ते कमरेला टोचायचं आणि तेव्हापासून घरातल्या कुठल्याच पुरुषाला टोचू नये अशी तुमची इच्छा. हा तुमचा चांगुलपणा आहे. त्या चांगुलपणाने माझ्यावर काय वेळ आणलीय ते पुढे येईलच, पण तुमच्यावर माझा काडीचाही राग नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

आता मूळ गोष्ट. मार्च महिन्यात एका सकाळी लीओनाने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "ऑरिन, नऊ वर्षांत तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस." मी खूप विचार केला. (तुम्हाला ठाऊक आहे, चाळीस वर्षं मी लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली, त्या कामात घाईने बोलणाऱ्याची बोटं जातात.) शेवटी विचारलं, "कोणता प्रश्न?" मला वाटलं, हा एक झाला. पण ती उठून आत गेली आणि एप्रिलमध्ये चार्ल्सटनच्या धक्क्याजवळ एका मैत्रिणीच्या घरावरच्या खोलीत राहायला गेली. जाताना म्हणाली की, मातीला मात्र तू रोज सकाळी विचारतोस, कशी आहेस म्हणून. हे खरं आहे. पण माती काही सांगत नाही म्हणून विचारतो; लीओना तर न विचारता सगळं सांगायची. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि तुम्हाला कळत असेल तर मला सांगू नका, कारण एवढ्या उशिरा कळून मी काय करणार.

ती माती कुठली हे तुम्हाला सांगायला नको, कारण निम्मी तुमचीच. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या गोठ्यामागच्या उकिरड्यातून बादलीभर गांडुळं आम्ही आणली ती "टोमॅटोसाठी" असं मी तुम्हाला सांगितलं होतं. टोमॅटो नव्हते, आई. गांजा होता. (मला वाटतं तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्या गुडघ्यांना लावायला लीओना जे हिरवं मलम पाठवते त्याला टोमॅटोचा वास येत नाही.) आपल्या राज्यात घरटी चार झाडं लावता येतात, तेवढीच आम्ही लावतो. बाहेर लावली तर या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तुऱ्यांना बुरशी लागते, म्हणून मुलीचं लग्न झाल्यावर तिच्या खोलीत फळ्यांचा वाफा बांधला: आठ फूट लांब, चार फूट रुंद, कमरेएवढा उंच, वर दिवे. आणि त्या वाफ्याचा एकच नियम. माती उकरायची नाही. झाड तयार झालं की बुडाशी कापायचं, मुळं आतच ठेवायची, शेजारी नवीन रोप लावायचं. वर क्लोव्हरचं गवत वाढू द्यायचं, ते कापून तिथेच पसरायचं, खेकड्याच्या कवचाचा चुरा आणि समुद्रशेवाळ भुरभुरायचं, आणि बाकीचं तुमच्या गांडुळांवर सोपवायचं. नऊ वर्षांत त्या मातीला कुदळ सोडा, चमचासुद्धा लागलेला नाही. दरवर्षी ती आदल्या वर्षीपेक्षा चांगली होत गेली. जे बरं चाललंय त्याला हात लावू नये, एवढं एकच शहाणपण मी आयुष्यात शिकलो, आणि ते मी घरातही पाळलं. लीओनाचं म्हणणं, तिथेच तर घोळ झाला. मला हा घोळ समजत नाही.

वाटणीचं काम मिसेस पेटीग्रू नावाच्या बाईंकडे आहे. त्या नवरा-बायकोंच्या मध्ये बसून कागद करतात, कोर्टात जावं लागत नाही. फार सज्जन बाई, फक्त सारखं घड्याळ बघतात. जूनमध्ये त्यांनी अर्ध्या तासात आमचं सगळं वाटलं. होडी आणि खेकड्यांचे पिंजरे मला, गाडी आणि मोठा फ्रीजर लीओनाला. घर कुणी ठेवायचं यावर दोघंही म्हणालो, तुला हवं तर तू ठेव. बाई खूष झाल्या. मग यादीत शेवटी "वाफा" आला आणि दोघंही म्हणालो, माझा. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, बादल्यांनी उपसून निम्मा निम्मा घ्या, त्यात काय. त्यावर लीओना आणि मी एकाच वेळी "नाही" म्हणालो, इतक्या मोठ्याने की बाईंची कॉफी सांडली. (तीन महिन्यांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. मी लीओनाकडे बघितलं, तिने खिडकीकडे बघितलं.) उपसली की ती माती राहत नाही, नुसता गाळ होतो, हे बाईंना समजावण्यात तो दिवस गेला. अख्खा वाफा उचलावा तर तो खोलीत बांधलेला, दरवाजा तीस इंच. म्हणजे ज्याचा वाफा त्याचं घर, आणि दुसऱ्याने बाहेर जायचं. बाई म्हणाल्या, अशी केस त्यांनी बावीस वर्षांत पाहिली नाही. मी म्हणालो, मीसुद्धा.

तोवर वाफ्याला पाणी तर घालायला हवं. म्हणून बाईंनी दिवस लावून दिले: सोमवार, बुधवार, शुक्रवार लीओना, मंगळवार, गुरुवार, शनिवार मी, रविवारी मातीला सुट्टी. मध्ये सुतळी बांधली, खिडकीकडची बाजू तिची, दाराकडची माझी. तिच्या दिवशी मी घराबाहेर जायचं असं ठरलं, म्हणून मी होडीत जाऊन बसायचो. खोलीत आमच्या मुलीचा जुना फळा आहे, त्यावर एकमेकांसाठी निरोप लिहायचे. पहिल्या आठवड्यात लीओनाने लिहिलं, "क्लोव्हर कापलं." मी लिहिलं, "पाहिलं." दुसऱ्या आठवड्यात तिने लिहिलं, "तिसऱ्या झाडाची पानं फिकी आहेत. तुझा खोकला कसा आहे?" मी लिहिलं, "बरा." मग बराच वेळ खडू हातात धरून उभा राहिलो आणि खाली लिहिलं, "तुझा खांदा?" आई, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर फळा काठोकाठ भरलेला. खांदा, डॉक्टर, मैत्रिणीचं मांजर, तुमची गाय, खाली जागा उरली नाही म्हणून चौकटीवर लिहिलेलं. मी खुर्ची ओढून बसलो आणि दोनदा वाचलं. त्यानंतर मी आजवर तिला सव्वीस प्रश्न विचारलेत. (मी मोजले, पुन्हा आकड्यावरून बोलणी खावी लागू नयेत म्हणून.) एकतीस वर्षं ती स्वयंपाकघरात असायची आणि मी खोलीत, आता ती चार्ल्सटनला असते आणि मला तिचं सगळं माहीत असतं. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

आता चड्डीकडे येतो. बाईंना निर्णय हवा होता, म्हणून आम्ही रूफस टॉलिव्हरला बोलावलं. हा इथला मातीतला जाणकार. दाढी नाभीपर्यंत, खिशात सूक्ष्मदर्शक, आणि माती हातात घेतली की आधी जिभेला लावतो. (पेटीग्रूबाई त्या वेळी दुसरीकडे बघत होत्या, नशीब.) तो म्हणाला, ज्याची बाजू जास्त जिवंत, त्याने माती जास्त जपली, त्यालाच वाफा द्या. आणि जिवंतपणा मोजायचा तर आमच्यात जुनी रीत आहे ती करा. रीत अशी: पांढरी सुती चड्डी मातीत आठ आठवडे पुरायची, कमरेची पट्टी वर दिसेल अशी. माती मेलेली असेल तर चड्डी जशीच्या तशी निघते. जिवंत असेल तर तिच्यातले जीव सूत खाऊन टाकतात आणि हाती फक्त इलॅस्टिक येतं. शेतकरी हे दर वर्षी करतात, आई, त्यात चावट काही नाही. पेटीग्रूबाईंनी तीनदा विचारलं की आपण गंभीर आहात ना, आणि मग कागदावर "वस्त्र-चाचणी" असं लिहिलं. नऊ ऑगस्टला, शुक्रवारी, सगळ्यांसमोर पावाच्या सुरीने मातीला कळणारही नाही असा काप देऊन दोन्ही वस्त्रं आत सरकवली. मी तुमच्या नाताळच्या सहांतली एक नवी कोरी घेतली. लीओनाने काय पुरलं ते मी तुम्हाला लिहिणार नाही. आमच्या घरात मला तसं वाढवलेलं नाही.

त्या आठ आठवड्यांत मी काही केलं नाही. म्हणजे नियमाप्रमाणे करायला हवं तेवढंच केलं. (माझ्या बाजूची गांडुळं कमी पडू नयेत, त्यांना काम जड जाऊ नये, म्हणून लीओनाच्या दिवशीसुद्धा ती गेल्यावर झारीभर पाणी माझ्या बाजूला घालत होतो, पण ते काही हिशोबात धरण्यासारखं नाही. कधी दोन झाऱ्या.) ऑगस्टच्या शेवटी खोलीत चिलटं झाली. इतकी झाली की बाई पाहणीला आल्या तेव्हा एक त्यांच्या कॉफीत पडलं आणि एक त्यांनी बोलता बोलता गिळलं. चिलटांची पिल्लं खाणारे छोटे किडे टपालाने मागवले, तर डबा बाईंच्याच हातात आला आणि त्यांना वाटलं आत बिस्किटं आहेत. पुढचं तुम्ही समजून घ्या. किडे सापडले, बहुतेक. रूफस येऊन माझी बाजू हुंगून म्हणाला, ऑरिन, आंबट वास येतोय, तू हिला श्वास घेऊ देत नाहीयेस. मी म्हणालो, मी तर हिला हातही लावत नाही. तो दाढी कुरवाळत निघून गेला. मातीला श्वास कसा घेऊ द्यायचा हे मला कळलं नाही, म्हणून त्या संध्याकाळी थोडं पाणी घातलं.

चार ऑक्टोबरला निकाल लागला. लीओनाच्या बाजूने रूफसने पट्टी ओढली, तर नुसतं इलॅस्टिक वर आलं, त्याला दोन धागे आणि तुमचं एक गांडूळ लोंबत होतं. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण टाळ्या वाजवायला नको होत्या हे त्यांच्या लक्षात आलं. मग माझी पट्टी ओढली. चड्डी अख्खी निघाली. ओली, जराशी पिवळी, पण शिवण जागच्या जागी, एक भोक नाही; धुऊन वाळवली असती तर त्याच रविवारी घालून चर्चला जाता आलं असतं. रूफसने टोपी काढून छातीशी धरली. नऊ वर्षं मी त्या मातीला रोज सकाळी कशी आहेस विचारलं आणि ती माझ्या बाजूला मेलेली होती, असं सगळ्यांच्या देखत ठरलं. आई, मला रडू आलं. मी चिलटं डोळ्यांत गेली असं सांगितलं. लीओना आधी हसली, मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. तिने ती चड्डी माझ्या हातातून घेतली, न्हाणीत नेऊन धुतली आणि मागच्या ओसरीत दोरीवर वाळत घातली, दोन चिमटे लावून. चड्डी अजून तिथेच आहे, धुक्यात वाळत नाही. तिने ती का धुतली याचा मी अकरा दिवस विचार करतोय. फळ्यावर विचारायचं धाडस होत नाही.

तर असं सगळं. पंचवीस तारखेला शुक्रवारी सकाळी दहाला सह्या आहेत. वाफा आणि घर लीओनाचं होईल. मी होडी घेऊन रीड्सपोर्टला भावाकडे जाईन. फळ्याची गरज उरणार नाही, म्हणून बाईंनी तो "किरकोळ वस्तू" मध्ये घातलाय. मी काही तक्रार करत नाही. सगळं नियमाने झालं. तुम्ही माझ्याशी एकतीस वर्षं चांगल्याच वागलात (पहिली चार सोडून), ते मी विसरणार नाही. गुडघे जपा, ओल्या पायऱ्यांवरून उतरताना कठड्याला धरा.

तुमचा, तूर्तास तरी, जावई
ऑरिन हॅस्केल

ता. क. एक छोटीशी चौकशी राहिली. त्या चड्ड्या शुद्ध सुती होत्या का? लेबलं तुम्ही कापल्यामुळे इथे कुणाला सांगता येत नाही. मी बाकीच्या पाच डोळ्यांजवळ धरून बघितल्या, एकीला काडी लावूनही बघितली. जळाली, पण त्यावरून काय समजायचं ते मला माहीत नव्हतं. मातीतले जीव सूत खातात, नायलॉन खात नाहीत. पेटीग्रूबाई म्हणतात, चड्डीत नायलॉन असेल तर चाचणी रद्द, पण तसं लेखी हवं, आणि ज्यांनी खरेदी केली त्यांच्या सहीचं. म्हणून पत्र. (फोन करणार होतो, पण तुमचं ऐकणं हल्ली कमी झालंय आणि मला खाडीकाठी उभं राहून "चड्डी सुती होती का" हे चारदा ओरडावं लागलं असतं.) उत्तर पंचवीसच्या आत यावं.

आणखी एक ता. क. चाचणी रद्द झाली तर नव्याने करावी लागेल. म्हणजे आणखी आठ आठवडे. म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि फळा, थेट डिसेंबरपर्यंत. वर मी मातीच्या अब्रूबद्दल बरंच लिहिलं, पण खरं सांगायचं तर वाफा मला नको. वाफा लीओनाने घ्यावा, घरही घ्यावं. मला तिला अजून बरंच विचारायचंय आणि सव्वीस प्रश्नांत ते मावलेलं नाही. तेव्हा आई, चड्ड्या सुती असल्या तरी तुम्ही नायलॉनच्या होत्या असं लिहाल का? तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत हे मला माहीत आहे. लीओनाला यातलं काही कळू देऊ नका. उद्या बुधवार, ती येईल आणि परत जाताना पोस्टावरूनच जाते, म्हणून हे पाकीट टपालात टाकायला तिच्यासाठी फळ्याखाली ठेवतोय.

आई, मी लीओना. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. एकतीस वर्षांत त्याने एकही पाकीट चिकटवलेलं नाही, तेव्हा याला मी उघडून वाचणं म्हणत नाही.

चड्ड्या शंभर टक्के सुती होत्या. तू आणि मी मिळून घेतल्या आणि तुझ्याच टेबलाशी बसून लेबलं मी कापली. माती त्याने पाण्यात बुडवून मारली. मी आले की त्याच्या बाजूला नुसता तळहात ठेवला तरी पाणी वर यायचं. ते मी पेटीग्रूबाईंना सांगितलेलं नाही आणि त्याला फळ्यावरही लिहिलेलं नाही.

तू नायलॉन लिही. मोठ्या अक्षरात, सही करून, आणि हे मिळेल त्याच दिवशी टपालात टाक. आणि या नाताळाला त्याला सहा नको, बारा पाठव. लेबलं कापूनच.